दृष्टि आणि दया

माणसाची दया सर्व जीवांवर सारखी पडत नाहीं, ही गोष्ट इतकी रोजच्या अनुभवाची आहे कीं, तिच्याविषयीं कोणी आश्चर्यही करीत नाहीं. ज्या घरांत मांजराच्या पिलाला वाटीभर दूध मिळतें, त्याच घरांत झुरळाला चपलेचा फटका मिळतो. आणि हीं दोन्ही कामें एकच हात एकाच सकाळीं करतो. ह्या भेदाचें कारण विचारलें असतां उपयुक्तता, स्वच्छता, रोगराई अशीं नाना कारणें पुढें येतात, व त्यांपैकीं कांहीं खरींही आहेत. परंतु त्या सर्वांच्या मागें एक न बोललेलें कारण असतें. मांजराला चेहरा आहे आणि झुरळाला तो नाहीं, असें आपण मनांत धरून चाललेले असतों. जो जीव आपल्याकडे पाहतो असें वाटतें, त्याच्याविषयीं मन द्रवतें; जो तसा पाहतांना दिसत नाहीं, त्याला आपण निर्जीव वस्तूंत जमा करतों.

हें कारण योग्य कीं अयोग्य, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. त्याची परीक्षा करण्यास मांजराचा किंवा गाईचा दाखला उपयोगी नाहीं. कारण त्यांच्याशीं आपला संबंध फार जुना आहे, आणि त्यांत स्वार्थ, धर्म व सवय हीं सर्व एकत्र मिसळलेलीं आहेत. परीक्षेसाठीं असा प्राणी हवा कीं, ज्याच्याविषयीं मनुष्याला मुळांत किळस किंवा भीति वाटते, आणि तरीही ज्याच्या केवळ नजरेनें ती किळस मावळते. असा एक प्राणी आहे, आणि तो म्हणजे कोळी. कोळ्यांच्या अनेक कुळांपैकीं सॅल्टिसिडी हें एक कुळ आहे. ह्या कुळांतील कोळी जाळें पसरून बसत नाहींत. ते भक्ष्य डोळ्यांनीं हेरतात, मांजराप्रमाणें दबत दबत त्याच्याजवळ जातात आणि उडी घालून त्याला पकडतात. ह्या कुळांत आजवर सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे, आणि जातींच्या संख्येनें कोळ्यांत हेंच कुळ सर्वांत मोठें आहे. आपल्याकडील घरांच्या भिंतींवर माश्यांचा पाठलाग करणारे, थांबत थांबत चालणारे जे लहान कोळी दिसतात, ते ह्याच कुळाचे. परंतु आपल्या प्रश्नासाठीं ह्या कुळांतील एक मोठी व परदेशस्थ जात आपण घेऊं.

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागांत, विशेषतः फ्लॉरिडा संस्थानांत, तसेंच बहामा बेटांत व क्यूबांत, फिडिपस रेजियस नांवाचा कोळी राहतो. १८४६ सालीं कार्ल लुडविग कोख ह्या जर्मन पंडितानें त्याचें वर्णन करून त्याला हें नांव दिलें. ‘रेजियस’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ राजाचा किंवा राजाला साजेसा असा आहे. म्हणून आपण त्याला सोयीसाठीं राजकोळी म्हणूं. उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागांतील ह्या कुळाची ही सर्वांत मोठी जात होय. ह्या कुळांतील बहुतेक कोळी एक सेंटिमीटरही भरत नाहींत. राजकोळ्याची मोठी मादी मात्र दोन सेंटिमीटरपर्यंत वाढते. नर नेहमीं काळाभोर असून त्याच्या अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात. माद्यांचा रंग करड्यापासून नारिंगीपर्यंत नाना छटांचा असतो. दोघांच्याही जबड्यांवर हिरव्या-निळ्या किंवा जांभळ्या धातूसारखी झळाळी असते.

त्याचें स्वतःचें असें स्थान आहे. घनदाट अरण्य त्याला मानवत नाहीं. उघडीं मैदानें व विरळ झाडी त्याला आवडते. वयांत न आलेले कोळी गवतावर व झुडपांवर वावरतात. मोठे झाल्यावर ते झाडांच्या खोडांवर, ताडाच्या जातीच्या वृक्षांवर आणि प्रसंगीं घरांच्या भिंतींवर शिकारीसाठीं येतात. दिवस हा त्यांचा उद्योगाचा काळ. रात्रीं ते ताडाच्या पानांच्या घडींत किंवा अशाच एखाद्या आडोशाला रेशमाची पिशवी विणून तींत विसावतात. हिंवाळ्यांत माद्या झाडांच्या सालीखालीं आश्रय घेतात. अंडींही तेथेंच रेशमांत गुंडाळून ठेवतात आणि त्यांची राखण करतात. उडी घेतांना हा कोळी मागें एक धागा टाकून ठेवतो. नेम चुकला तर त्या धाग्याच्या आधारानें तो पुन्हां वर चढतो. त्याच्या पायांतील कित्येक सांध्यांत पाय ताठ करणारे स्नायूच नाहींत. शरीरांतील द्रवाचा दाब एकाएकीं वाढवून तो मागले पाय झटक्यानें ताणतो आणि स्वतःला फेंकतो.

आपल्या प्राचीन वाङ्मयांत कोळी अपरिचित नाहीं. मुंडकोपनिषदांत ऊर्णनाभि आपल्या शरीरांतून तंतु बाहेर टाकतो व पुन्हां आंत घेतो, ह्या दृष्टांतानें सृष्टीची उत्पत्ति समजावून सांगितली आहे. आणि भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंत कोळ्याला स्थान मिळालें आहे, तें ह्याच कारणानें. हा दृष्टांत सुंदर आहे, पण तो जाळें विणणाऱ्या कोळ्याचा आहे. जाळ्यांतला कोळी स्पर्शाच्या जगांत राहतो. तंतूचा कंप हेंच त्याचें मुख्य वर्तमानपत्र. त्याच्या ठायीं जग स्वतःमधून निघतें आणि स्वतःमध्येंच मिटतें. राजकोळ्याजवळ रेशीम आहे, परंतु भक्ष्य पकडण्याचें जाळें नाहीं. त्याचें जग त्याच्या बाहेर आहे, आणि तें त्याला डोळ्यांनीं मिळवावें लागतें. ऊर्णनाभीच्या दृष्टांतांत कोळी हा गुरु झाला, पण तो कोणाकडे पाहणारा झाला नाहीं. पाहणारा कोळी आपल्या विचारांत येण्यास शास्त्राची वाट पाहावी लागली.

राजकोळ्याला आठ डोळे असतात. त्यांपैकीं सहा डोळे कडेला व मागें असून त्यांचें मुख्य काम हालचाल टिपणें हें आहे. त्यांच्यामुळें त्याला जवळजवळ सर्व बाजूंचें भान राहतें. समोरचे दोन मोठे डोळे हे त्याचे खरे पाहण्याचे डोळे. बाजूला कांहीं हललें कीं, तो अंग वळवून हे दोन डोळे त्या वस्तूवर रोखतो. माणूस समोर आला तरी तो हेंच करतो. मान वर केल्यासारखें अंगाचा पुढचा भाग उचलतो आणि स्थिर उभा राहतो. भित्रा किडा पळून जातो, जाळ्यांतला कोळी आक्रसून बसतो. हा मात्र वळतो आणि पाहतो. एवढ्याशा जीवानें आपली दखल घेतली, ह्या जाणिवेनें मनुष्याच्या मनांत जो बदल होतो, तो अनुभवलेल्यालाच कळेल. कोळ्याच्या नांवानें किंचाळणारीं माणसेंही ह्या कोळ्याला गोजिरा म्हणूं लागतात.

परंतु ह्या नजरेची रचना पाहिली म्हणजे आपण किती घाईनें अर्थ लावतों, तें ध्यानांत येतें. मायकेल लँड ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६९ सालीं ह्याच फिडिपस वंशांतील दुसऱ्या एका जातीच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसून आलें कीं, समोरच्या डोळ्याचें भिंग कवचाला पक्कें जडलेलें असतें. तें हलत नाहीं. हलतो तो आंतला पडदा. लांब नळीच्या टोकाशीं असलेला हा पडदा सहा स्नायूंच्या साहाय्यानें इकडे तिकडे सरकतो, आणि समोरच्या वस्तूच्या कडा व रेषा चाचपीत जातो. त्याचें क्षेत्र अरुंद आहे. एका क्षणीं त्याला वस्तूचा एक लहानसा भागच स्पष्ट दिसतो. अर्थात् जें आपल्याला टक लावून पाहणें वाटतें, तें केवळ अचल भिंगाचें तेज होय. त्याचें खरें पाहणें त्या भिंगामागें, आपल्या दृष्टीआड, चाललेलें असतें. आपण त्याच्या डोळ्यांत जें वाचतों, तें बहुधा आपलेंच असतें. आणि तो जें वाचतो, तें आपल्याला दिसत नाहीं.

मग ही सारी ममता भ्रममूलक ठरवून सोडून द्यावयाची काय? तसेंही नाहीं. कारण ह्या कोळ्याच्या आंत कांहींच चाललेलें नाहीं, असें म्हणण्याची सोय शास्त्रानेंच ठेवलेली नाहीं. जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम हें अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील दांपत्य १८८९च्या सुमारास ह्या कुळांतील नरांचीं प्रियाराधनाचीं नृत्यें तासन्‌तास पाहत बसलें. मादी नर निवडते हें डार्विनचें मत वॉलेसला मान्य नव्हतें. पेकहॅम दांपत्यानें आपल्या निरीक्षणांच्या बळावर डार्विनची बाजू घेतली. २०२२ सालीं दुसऱ्या एका जातीच्या पिलांवर झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, रात्रीं निश्चल लोंबकळत असतां त्यांच्या डोळ्यांतील पडदे मधून मधून झपाट्यानें हलतात. माणसाच्या स्वप्नावस्थेंत डोळ्यांची जी हालचाल होते, तिच्याशीं ह्याचें साम्य आहे. आणि राजकोळ्यावरच झालेले व २०२३च्या सुमारास पुढें आलेले प्रयोग सांगतात कीं, एकदां समोर आणलेला कोळी पुन्हां समोर आणला तर दुसऱ्याचें कुतूहल ओसरतें, आणि निराळा कोळी आणला तर तें पुन्हां जागें होतें. एकट्यानें राहणारा हा प्राणी आपल्या जातींतील एका व्यक्तीला दुसरीपासून निराळें ओळखतो, असा ह्याचा अर्थ केला गेला आहे.

ह्यावरून कोळ्याला स्वप्नें पडतात किंवा त्याला मित्र असतात, असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. पण देकार्तच्या परंपरेंतील विचारवंतांप्रमाणें प्राणी म्हणजे निव्वळ यंत्र असें ठासून सांगणेंही तितकेंच उतावीळपणाचें होय. दोन्ही बाजूंची चूक एकच आहे: आपल्याला सोयीचें असेल तेवढेंच त्याच्या ठिकाणीं पाहणें. एकजण त्यांत स्वतःची प्रतिकृति पाहतो, दुसरा त्यांत घड्याळाचीं चक्रें पाहतो. कोळी कोणालाच दिसत नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेंत, युरोपांत व इतरत्रही राजकोळी पाळण्याची हौस वाढली आहे. लहान पारदर्शक पेटीत एखादी डहाळी, थोडें शेवाळ आणि पाण्याचे चार थेंब एवढ्यावर तो राहतो. त्याला नांव ठेवलें जातें, त्याचीं छायाचित्रें घेतलीं जातात, तो मेला तर हळहळही होते. ह्यांत निंद्य असें वरवर कांहींच नाहीं. ज्या हातांनीं कालपर्यंत कोळी चिरडला, तेच हात आज त्याला जपतात, ही प्रगतीच म्हणावी लागेल. पण त्या पेटीशेजारीं आणखी एक पेटी असते. तींत रातकिडे असतात. ते राजकोळ्याचें अन्न. त्यांना नांवें नसतात. त्यांतला एखादा उचलून कोळ्यापुढें सोडतांना, ज्या मनानें कोळ्याच्या डोळ्यांत जीव पाहिला, तें मन क्षणभरही घुटमळत नाहीं.

माझ्या मतें ह्या दोन पेट्यांच्या मधल्या वीतभर जागेंत सगळा प्रश्न सांठलेला आहे. रातकिड्यालाही डोळे आहेत. तोही गातो, लपतो, धडपडतो. त्याचा अपराध इतकाच कीं, तो वळून आपल्याकडे पाहत नाहीं. कोळ्याला जगण्यासाठीं किडा खावा लागतो, ही निराळी बाब आहे. तिच्याबद्दल कोळ्याला दोष देतां येत नाहीं. प्रश्न कोळ्याचा नसून पाळणाऱ्याचा आहे. कोळ्याला आणून पेटींत ठेवण्याचें पाळणाऱ्यानें ठरविलें, आणि त्या ठरावाबरोबर शेंकडों रातकिड्यांचें मरणही ठरविलें. एकाविषयींची ममता आणि दुसऱ्याविषयींची बेपर्वाई ह्या इतक्या निकट असतां, त्यांतील फरक केवळ नजरेच्या दिशेवर आधारलेला असावा, हें नीतीच्या दृष्टीनें पुरेसें कारण आहे काय?

येथें कोणी म्हणेल कीं, सर्व प्रेम पक्षपातीच असतें. आई आपल्या मुलावर अधिक प्रेम करते, मनुष्य आपल्या गांवाला अधिक मानतो. ह्या पक्षपाताला दोष देणारा शेवटीं प्रेमालाच दोष देईल. हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. प्रेम कोणावर करावें, ह्याचा हिशेब कोणी मागूं शकत नाहीं. पण इजा कोणाला करावी, ह्याचा हिशेब मात्र मागतां येतो. आईनें आपल्या मुलाला अधिक जवळ घेतलें तर ती निर्दोष आहे. शेजाऱ्याच्या मुलाचा घास काढून आपल्याला दिला तर ती निर्दोष नाहीं. ममतेचें क्षेत्र आणि न्यायाचें क्षेत्र हीं वेगळीं आहेत. चेहरा पाहून मन द्रवणें हा ममतेचा व्यापार आहे, आणि तेथें तो शोभतो. पण चेहरा दिसत नाहीं म्हणून जीव घेण्यास मोकळीक आहे असें समजणें, म्हणजे ममतेच्या मापानें न्याय मोजणें होय.

न्यायाचीं मापें तत्त्ववेत्त्यांनीं अनेक सुचविलीं आहेत. कान्टनें विवेकबुद्धि हें माप घेतलें. प्राण्यांच्या ठिकाणीं ती नाहीं, म्हणून त्यांच्याविषयींचें आपलें कर्तव्य त्याच्या मतें परभारें येतें: जो पशूशीं क्रूरपणें वागतो, तो माणसांशींही कठोर होतो. बेन्थॅमनें १७८९ सालीं हें माप बाजूला सारून, प्राण्याला वेदना होते कीं नाहीं एवढेंच विचारावें, असा आग्रह धरला. आपल्या देशांत जैन आचार्यांनीं इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची शिडी लाविली. तत्त्वार्थसूत्रांत कृमि, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य ह्यांना एकेक इंद्रिय अधिक अशा क्रमानें मांडलें आहे. ह्या शिडीचा विशेष असा कीं, खालच्या पायरीवरचा जीवही शिडीबाहेर टाकलेला नाहीं. एकेंद्रिय जीवाच्या हिंसेचाही विचार करावा लागतो. फक्त दोषाची मात्रा बदलते.

आजच्या कायद्याकडे पाहिलें तर बेन्थॅमचें माप चालू असल्याचें दिसतें. ब्रिटनच्या २०२२ सालच्या कायद्यानें पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबरच खेकडे, शेवंडी व ऑक्टोपस ह्यांच्या वर्गांनाही संवेदनक्षम मानलें आहे. कोळी व कीटक त्या यादींत नाहींत. पुराव्याच्या अभावीं कायद्यानें कोठें तरी रेघ ओढावी हें समजण्यासारखें आहे. पण कायद्याची रेघ म्हणजे ज्ञानाची सीमा नव्हे. रेघेपलीकडे वेदना नाहीं असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. संशयाच्या प्रदेशांत कसें वागावें, हा प्रश्न कायद्यानें सोडविलेला नसून आपल्याकडे सोंपविलेला आहे. अंधारांत चालतांना पायाखालीं कांहीं आहे कीं नाहीं हें ठाऊक नसेल, तर शहाणा माणूस पाय जपूनच टाकतो. कांहीं नसेलच असें धरून धांवत नाहीं.

ह्या विचाराला एक अडचण राजकोळी स्वतःच उपस्थित करतो. तो दयाळू नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत फ्लॉरिडांतील राजकोळ्यांनीं लहान सरडे व झाडावरचे लहान बेडूक मारून खाल्ल्याच्या नोंदी दिलेल्या आहेत. जो जीव कणा असलेल्या प्राण्यालाही सोडीत नाहीं, त्याच्याविषयीं आपण इतका सूक्ष्म विचार कां करावा? पण ह्या प्रश्नांत उत्तर दडलेलें आहे. बेडकावर झेपावणाऱ्या कोळ्यापुढें दुसरा मार्ग मांडलेला नसतो. त्याच्या कृतीला हिंसा म्हणतां येईल, अन्याय म्हणतां येणार नाहीं. आपल्यापुढें मात्र दोन मार्ग असतात आणि आपल्याला ते दिसतात. कर्तव्य निसर्गांतून शिकावयाचें नसतें. तें ज्याला निवड करतां येते त्याच्यावरच पडतें. कोळी क्रूर आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाहीं, आणि कोळी गोजिरा आहे म्हणून ती वाढतही नाहीं.

मग ही जबाबदारी नेमकी कशाची? येथें त्या प्राण्याच्या निवासस्थानाकडे पुन्हां पाहिलें पाहिजे. फ्लॉरिडाच्या मध्यभागीं लेक वेल्स रिज नांवाचा पांढऱ्या वाळूचा एक लांबट उंचवटा आहे. प्राचीन काळीं समुद्राची पातळी वर असतां हा भाग बेटांसारखा पाण्याबाहेर राहिला होता, आणि त्यामुळें तेथें पृथ्वीवर अन्यत्र न आढळणाऱ्या कित्येक वनस्पति व प्राणी निर्माण झाले. तेथील खुरटी झाडी ठरावीक काळानें लागणाऱ्या वणव्यावर जगते. वणवा थांबला कीं झाडी दाट होते आणि उघड्यावर राहणाऱ्या जीवांची जागा जाते. १९४१ सालीं तेथें आर्चबोल्ड संशोधनकेंद्र स्थापन झालें व तेव्हांपासून ह्या भूमीचा अभ्यास चालू आहे. परंतु संत्र्यांच्या बागा आणि घरांच्या वसाहती ह्यांनीं त्या मूळच्या झाडीचा बहुतांश भाग गिळला. राजकोळी केवळ ह्या झाडींत राहतो असें नाहीं, आणि तो नष्ट होण्याच्या पंथालाही लागलेला नाहीं. भिंतीवर जगण्याची कला त्याला साधली आहे. परंतु ज्यांना ती साधली नाहीं, अशा असंख्य बिनचेहऱ्याच्या जीवांचें घर त्या झाडीबरोबर गेलें. ज्या देशांत राजकोळ्याचें चित्र पाहून हजारो माणसें हळवीं होतात, त्याच देशांत हें घडलें. पेटींतल्या एका कोळ्याचें सुख आपल्याला कळतें. वाळूच्या उंचवट्याचें मरण कळत नाहीं, कारण उंचवट्याला डोळे नाहींत. दयेनें केवळ नजरेमागें जाण्याचें ठरविलें म्हणजे तिची धांव कोठें संपते, तें येथें दिसतें.

नांवाच्या बाबतींतही हीच गोष्ट आहे. २०१२ सालीं ह्याच फिडिपस वंशांतील एक मादी अंतराळस्थानकावर पाठविण्यांत आली; वजनरहित स्थितींत ती शिकार करूं शकते कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें. तिला नेफर्टिटी हें मिसरच्या राणीचें नांव दिलें होतें. सुमारें शंभर दिवसांनीं ती जिवंत परत आली, वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत लोकांनीं तिला पाहिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती वारली. ती राणी होती म्हणून तिच्या मरणाची वार्ता झाली. आपल्याकडे २०२१ सालीं ठाण्याच्या परिसरांत आढळलेल्या ह्याच कुळांतील एका नव्या जातीला ‘इसियस तुकारामी’ असें नांव देण्यांत आलें. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यांत अतिरेक्याला धरून ठेवतांना ज्यांनीं प्राण वेंचले, त्या तुकाराम ओंबळे ह्यांचें तें स्मरण आहे. एका वीराचें नांव एवढ्याशा कोळ्याला देण्यांत कोणाला कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आशादायक खरीच. परंतु नांव मिळणें हा सन्मानाचा आरंभ आहे. ज्या झाडीत ती जात सांपडली, ती झाडी उरली नाहीं, तर तें नांव केवळ ग्रंथांतच उरेल. आणि वीराच्या स्मरणाला तसलें स्मारक पुरेसें नाहीं.

कान्टच्या लेखनांत लायब्निट्झविषयीं एक आठवण येते. लायब्निट्झनें एक लहानसा किडा सूक्ष्मदर्शकाखालीं बारकाईनें पाहिला, आणि पाहून झाल्यावर तो त्याच्या पानावर परत नेऊन ठेवला. कान्टनें त्याचें कारण असें सुचविलें आहे कीं, त्या किड्यापासून त्याला कांहीं शिकावयास मिळालें होतें आणि त्या उपकाराची जाणीव त्याच्या मनांत होती. प्राण्यांविषयीं प्रत्यक्ष कर्तव्य न मानणाऱ्या तत्त्ववेत्त्यानें ही आठवण जपून ठेवावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे; कारण तींत त्याच्या सिद्धान्ताहून अधिक कांहीं आहे. तो किडा लायब्निट्झकडे पाहत नव्हता. लायब्निट्झ त्याच्याकडे पाहत होता. ऋण निर्माण झालें तें पाहिलें जाण्यानें नव्हे, तर पाहण्यानें. आणि तें फिटलें कसें? किड्याला नांव देऊन नव्हे, पेटींत ठेवून नव्हे, तर त्याच्या पानावर परत ठेवून.

माझ्या मतें प्रश्नाचें उत्तर ह्या दिशेनें आहे. कोळ्याच्या नजरेनें आपलें मन वळलें तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दयेला कोठल्या तरी दारानें आंत यावेंच लागतें, आणि हें दार इतर दारांहून वाईट नाहीं. पण दार म्हणजे घर नव्हे. जो आपल्याकडे पाहतो, त्याच्यावर दया करण्यांत अर्धी प्रीति स्वतःवरच असते. आपली दखल घेतली गेली, ह्याचें तें पारितोषिक असतें. जो पाहत नाहीं, त्याच्याकडे आपण होऊन पाहणें, आणि त्याच्या पानाला, सालीला, वाळूला विनाकारण हात न लावणें, ह्यांत पारितोषिक नाहीं. म्हणूनच तेथें नीतीला आरंभ होतो. ह्यासाठीं सर्व जीवांवर सारखें प्रेम करावें लागत नाहीं. तें मनुष्याच्या आवांक्यांतलेंही नाहीं. गरज पडल्यास मारावें लागतें, हेंही खरें आहे; शेतकऱ्याला टोळ मारावे लागतात आणि गृहिणीला झुरळें. मागणी एवढीच आहे कीं, मारण्याला कारण असावें, आणि ‘त्याला चेहरा नाहीं’ हें तें कारण नसावें. ज्याला राजकोळ्याच्या डोळ्यांत जीव दिसला, त्यानें तेवढ्यावर संतुष्ट न राहतां शेजारच्या पेटींतल्या रातकिड्याकडेही एकवार नीट पाहावें. मग कोळी पाळावयाचा कीं नाहीं, आणि ताडाच्या पानावर असलेला तेथेंच राहूं द्यावयाचा कीं काय, हें ठरविण्यास त्याला दुसऱ्या कोणाच्या उपदेशाची गरज पडेल, असें मला वाटत नाहीं.